चौथ्या पिढीच्या पाट्या

मिलिंद,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझे प्राचार्य माईकवर म्हणाले, "आपल्या सरांनी चौथ्या पिढीचा क्वार्क शोधून काढला आणि आदिलाबादचं नाव जगात नेलं." प्रसंग टाळ्यांचा नव्हता, म्हणून लोकांनी नुसत्या माना हलवल्या. मग मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "त्यानं काही शोधलं नाही. तो कण आजवर कोणालाच सापडलेला नाही. बहुतेक नसावाच. मिलिंद एवढंच काढत होता, की तो असलाच तर मोडेल कसा. आणि तेही त्याचं चुकलं होतं." एवढं बोलून मी खाली बसलो. भंतेजींनी पुढची वंदना जरा लवकरच सुरू केली.

तुझी ताई त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते आणि भिंतीकडे पाहून मुलीला सांगते, "तुह्या बाबाले सांग, कचेरीची वेळ झाली." मी तिला विचारलं, की मी खोटं काय बोललो? त्यावर तिनं मुलीकरवीसुद्धा उत्तर दिलं नाही.

तुझ्या कॉलेजच्या अंकासाठी माझ्याकडे चार शब्द मागितले आहेत. तुझ्याविषयी लोकांना सांगायचं तर पुन्हा तेच होईल, म्हणून तुलाच लिहितो. तुला लागेल का, दुखेल का, याचा विचार आपण दोघांनी एकमेकांच्या बाबतीत कधी केला नाही. आज सुरुवात करायचं कारण नाही.

गुडीहत्नूरच्या आमच्या ओसरीवर तू मला पहिल्यांदा क्वार्क सांगितलेस तेव्हा तुला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. मी मंडल कचेरीत पावसाचे आणि पेऱ्याचे आकडे लिहिणारा माणूस. बी.एस्सी.चं गणित झालेलं, पण ते कापसाखालची जमीन आणि ज्वारीखालची जमीन यांची बेरीज करण्यात गंजत चाललेलं. तू माझा साळा, म्हणजे माझी टिंगल करणं हा तुझा हक्कच होता, आणि तू तो पुरेपूर वापरलास. मला तू पर्जन्यमंत्री म्हणायचास.

"पर्जन्यमंत्री, ऐका. सगळ्या वस्तू ज्याच्या बनल्या ते क्वार्क. त्यांच्या जोड्या हायेत. पहिली जोडी हलकी, तुमच्या-माह्या अंगात तीच हाय. दुसरी जड, तिसरी त्याहून जड. प्रत्येक जोडीले पिढी म्हणतात."

"म्हणजे आजा, बाप, लेक?"

"नाई! तीच तर गोष्ट हाय. कोणी कोणाच्या पोटचं नाई. नाव पडलं, झालं. आता जड क्वार्क टिकत नाई. तो मोडतो न हलका होतो. दोनच नेम. आपल्यापेक्षा जड काही होता येत नाई. अन् जमलं तर शेजारच्या घरी जायचं, दूरच्या घरी नाई. शेजारच्या पिढीशी सोयरिक घट्ट, दोन घरं सोडून असली की नावाले."

"मग चौथी पिढी?"

"ती हाय का नाई कोणालेच माहीत नाई. असली तर तिच्या जोडीतला हलका क्वार्क, त्याले बी-प्राइम म्हणू, कसा मोडन? माहा प्रबंध त्यावर हाय."

"जे नाहीच, ते कसं मोडेल याच्यावर?"

"तुमी नाई का, पेरा व्हायच्या आधी उत्पन्नाचा अंदाज धाडत!"

तेव्हा तुझी ताई आतून हसली होती. मला ते हसणं आवडलं नव्हतं.

मग तुझे रविवार सुरू झाले. सकाळच्या बसनं तू आदिलाबादहून उतरायचास, ताई चहा टाकायची आणि आपण मुलींच्या पाट्या काढायचो. हा नियम कोणी काढला ते आठवत नाही. तू म्हणायचास मी, मी म्हणायचो तू. आठवडाभर दोघांनी आपापलं गणित आपापल्या घरी कागदावर करायचं, एकमेकांना विचारायचं नाही. रविवारी पाटीवर वरच्या अंगाला कोणती वस्तुमानं धरली ते लिहायचं, खाली उत्तर, आणि पाटी पालथी टाकायची. मग मी तुझी पाटी उलटायची, तू माझी. आपली आपण उलटायची नाही. जुळलं तर पुढचं गणित. नाही जुळलं तर चूक कोणाची ते सापडेपर्यंत भांडण. चुकणाऱ्यानं कपबशा विसळायच्या आणि दोन्ही पाट्या पुसायच्या. चूक सापडल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही.

गेल्या काही वर्षांत कपबशा बहुतेक तूच विसळल्यास. लॉग टेबल बघताना तू ओळ सोडायचास. तुझं डोकं पुढच्या पायरीवर असायचं आणि बोट मागच्या. मी हळू आहे, पण माझं बोट आणि डोकं एकाच ओळीवर असतं. तुझी ताई तुला फडकं देताना म्हणायची, "मिल्या, एम.एस्सी.ले शिकवलं ते कप विसळायले का रे?" तू म्हणायचास, "ताई, हा तुहा नवरा नाई, गिरणी हाय. वरून टाकलं का खालून पीठ. काय दळलं ते त्याले माहीत नाई." तू हे हसत म्हणायचास. मी ते विसरत नव्हतो.

चौऱ्याऐंशीची गोष्ट. तिसऱ्या पिढीतला एक क्वार्क, टॉप, तोवर सापडलेला नव्हता. तो असणार याची खात्री होती, पण किती जड ते माहीत नव्हतं. त्या वर्षी तू हैदराबादेहून आलास तो रस्त्यावरूनच ओरडत, "टॉप सापडला! चाळीस!" चाळीस म्हणजे त्यांच्या मापात, जीईव्हीत; एक जीईव्ही म्हणजे साधारण एका प्रोटॉनएवढं. तुझी ताई भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "चाळीस? म्हंजे काठावर पास." तू तिच्या पिठाच्या हातांना धरून तिला चुलीपासून उठवलंस आणि ओसरीवर फिरवलंस. भाकरी करपली. तुला मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

त्या चाळीसवर आपण दोन वर्षं गणित केलं. टॉप चाळीसचा असेल तर बी-प्राइमला शेजारचं घर उघडं आहे. तो सरळ टॉप होईल, आणि प्रबंध सोपा आहे. मग हळूहळू ती बातमी विरली. चाळीसला टॉप नव्हता. पुढच्या शोधांत पन्नासला नव्हता, सत्तरला नव्हता. तुझा प्रबंध पायाखालून सरकत गेला, आणि तू मात्र खूश होत गेलास. मला कळेना. तेव्हा तू मला विचारलंस, "भाऊजी, निर्मलचा घाट बंद पडला तर निर्मलले कसे जासान?"

"उटनूर, खानापूर करून."

"एरवी जाता का त्या रस्त्यानं?"

"कायले जाईन? एवढा फेरा."

"तसंच. टॉप बी-प्राइमहून जड निघाला तर शेजारचं दार बंद. मग राह्यलं काय? दोन घरं सोडून दुसऱ्या पिढीतला चार्म; तिथं सोयरिक नावाले. नाईतर फेरा. क्षणभर उधारीवर टॉप व्हायचं, नाईतर बी-प्राइमच्याच जोडीतला मोठा, टी-प्राइम व्हायचं, अन् तिथून वापस टॉपच्या जोडीतला हलका, बॉटम व्हायचं. जाताना एक प्रकाशाचा कण सोडायचा. एरवी हा फेरा इतका सावकाश, का कोणी मोजत नाई. पण घाट बंद असला तर त्याच रस्त्यानं गाड्या जातीन! अन् प्रकाशाचा कण लपत नाई. तो दिसन, भाऊजी. कोणी पाहो न पाहो, दिसन."

मला ते पटलं. माझ्या आयुष्यात कचेरीबाहेरची पटलेली ही पहिली गोष्ट. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू त्याचं हसं केलं असतंस. आता कर.

फेऱ्याचं सूत्र तू हैदराबादच्या लायब्ररीतून उतरवून आणलंस. झेरॉक्सचं यंत्र बंद होतं आणि तुझी परतीची गाडी होती, म्हणून तू खाली कार्बन ठेवून हातानं उतरवलंस. वरची प्रत तुझी, खालची माझी. त्या सूत्रात दोन वाटांचे हिस्से होते, एक टॉपमार्गे आणि एक टी-प्राइममार्गे. आपण त्यांची बेरीज केली. दोघांच्या पाट्या जुळल्या. आकडा मोठा आला. तू म्हणालास, असा कण असेल तर लपून राहूच शकत नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तुला मिळालं.

आणि मग एकोणनव्वदीत न्यूट्रिनोंची मोजणी आली. प्रत्येक पिढीमागे एक न्यूट्रिनो असतो. युरोपातल्या प्रयोगशाळेत झेड नावाचे कण मोडताना पाहिले, त्यातला किती भाग न दिसता हरवतो ते मोजलं, आणि उत्तर निघालं तीन. चार नाही. तुझ्या मार्गदर्शकांनी तुला विषय बदलायला सांगितला. तू पुढच्याच रविवारी आलास आणि पाटी न काढता बोलत सुटलास. चौथा न्यूट्रिनो झेडच्या निम्म्याहून जड असला तर झेड त्याच्या जोडीत मोडूच शकत नाही, म्हणून तो मोजणीत येणारच नाही. तीन निघाले म्हणजे हलके तीन. जड चौथा असू शकतो.

मी विचारलं, "पहिल्या तिघांचं वजन किती?"

"जवळपास काहीच नाई."

"अन् चौथ्याचं एकदम चाळीस-पन्नास? काऊन?"

"काऊन म्हंजे? नसावं असा कायदा हाय का?"

"कायदा नाही. तुझं म्हणणं चूक नाही, मिलिंद. पण चूक नाही, एवढंच आहे त्यात."

तू उठलास. बस दुपारी होती. तू उन्हात रस्त्यावर उभा राहिलास, पण घरात परत आला नाहीस. ताईनं मुलीच्या हाती तांब्या पाठवला. तू पाणी प्यालास आणि तांब्या पालथा घालून परत पाठवलास.

त्याच सुमारास मुधोळच्या मास्तरांची मुलगी तुझ्यासाठी थांबली होती. तू प्रबंधानंतर म्हणालास. ती थांबली, आणि मग थांबली नाही. तिच्या लग्नाला तू गेलास, पोटभर जेवलास आणि येताना मला म्हणालास, "दार बंद झालं का फेऱ्याचा रस्ता मोजता येतो, भाऊजी." त्या दिवशी मला तुझा राग आला होता. क्वार्कला मन नसतं. त्या मुलीला होतं.

पंचाण्णवला टॉप खरोखर सापडला. पावणेदोनशेच्या आसपास. एवढा जड, की दार सताड बंद. तू ज्या शक्यतेवर बसून राहिला होतास तीच उरली होती, आणि तू मार्गदर्शकांना नमवून प्रबंध तसाच दाखल केलास. तोंडी परीक्षेला मला हैदराबादला घेऊन गेलास. मी मागच्या बाकावर बसलो. तू फळ्यावर सूत्र लिहिलंस, आलेख काढलेस, प्रकाशाचा कण कसा दिसेल ते सांगितलंस. तुझा आवाज मोठा होता. माझ्याजवळ बसलेले दोघे मान डोलवत होते.

बाहेरून आलेल्या परीक्षक एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी तोवर काही विचारलं नव्हतं. शेवटी त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "एकच प्रश्न. टॉप आणि टी-प्राइम यांची वस्तुमानं समजा सारखी असती, तर तुमचं उत्तर किती यायला हवं?"

तू फळ्याकडे पाहिलंस. खडू तुझ्या हातात होता. मी मागून तुझी पाठ पाहत होतो, आणि पाठीवरूनच मला कळलं की तुला कळलं. दोन्ही वाटा सारख्याच असतील तर त्या एकमेकींना पुसून टाकतात. एक अधिक, एक उणे.

"शून्य," तू म्हणालास.

"आणि तुमच्या सूत्रातून?"

"एका वाटेच्या दुप्पट." मग थांबून, "दर काढला तर चौपट."

बाईंनी मान हलवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तू खडू खाली ठेवलास. वजाबाकीच्या जागी बेरीज. वजा केलं की दोन मोठे हिस्से बरेचसे कापले जातात, आणि उरतो तो आकडा लहान. तुझा न लपणारा कण आरामात लपत होता. दुरुस्त करून वर्षाच्या आत पुन्हा दाखल करा, असं सांगून त्यांनी तुला सोडलं.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "इतकी वर्षं आपल्या पाट्या जुळत होत्या. आपण एकमेकाला तपासून राहिलोच नव्हतो. एका कार्बनच्या दोन प्रती तपासून राहिलो होतो."

"गप बसा, भाऊजी."

"उतरवतानाच वजा राहून गेलं."

"तुमाले समजत असतं तर तुमी पकडलं असतं. तुमाले कधी समजलंच नाई. कप विसळले म्हणून मी लहान न तुमी मोठे, इतकंच समजलं तुमाले."

निर्मलला चहा प्यायला उतरलो तेव्हा म्हणालो, "सूत्र तू आणलं होतंस. ते तपासणं माझं काम नव्हतं." हे मी आजही म्हणतो. तू मेलास म्हणून ते माझं काम होत नाही.

नंतर तू रविवारी येईनासा झालास. मी दोनदा आदिलाबादला आलो. तू मुलांच्या पेपरांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन बसलेला असायचास, तपासत मात्र नव्हतास. मी म्हणालो, "वजा घालून आकडे पुन्हा काढू. दोन-तीन महिन्यांचं काम आहे. नवा आकडा दे."

"नवा आकडा म्हणतो का काही दिसणार नाई. हे लिहून द्यायले इतकी वर्षं घातली?"

"मी रोज सकाळी पर्जन्यमापक पाहतो. पाऊस नसला तर शून्य लिहितो. ती ओळ कोरी सोडली तर कोणाला कळेल, पाऊस नव्हता का मी गेलोच नव्हतो?"

"शून्य तुमाले शोभते, भाऊजी. तुमचा जन्मच त्यात गेला."

यावर मी जे बोललो ते तुझ्या ताईला अजून माहीत नाही. आता ती वाचेल. मी म्हणालो, "तुझा कण नाही. तुझं उत्तर नाही. मास्तराची पोरगीही गेली. आता दुरुस्तीची तारीखही जाऊ दे, म्हणजे पुरतं नीट होईल." तू मग म्हणालास, "तुमी माह्या ताईशी असंच बोलता का?" आणि पेपर ओढून लाल पेन उघडलंस.

तेव्हा तुझे डोळे पिवळे होते. मला वाटलं, उजेड तसा आहे.

कावीळ उतरली नाही. दवाखान्यात तुझ्या खाटेशी लोक शहाळी आणत, मोसंबी आणत, पदर डोळ्यांना लावत. मी पाटी आणि खडू घेऊन आलो. तुझी ताई व्हरांड्यातच माझ्यासमोर उभी राहिली. "माणूस मरून राह्यला न तुमी गणित आणलं? लाज नाई?" तू आतून ऐकलंस. "ताई, येऊ दे त्याइले. इथं सगळे मायेनंच बोलून राह्यले, जीव घाबरा झाला माहा."

मी खाटेवर बसलो. तुझी बोटं खडूसारखीच सुकली होती. मी सांगितलं, "या वेळी कार्बन नाही. सूत्र तू मुळापासून काढ. त्या बाईंची परीक्षा आधी. दोन्ही सारखे धरून शून्य येतं का ते बघ. मग खरे आकडे घाल. मी घरी करतो. रविवारी पाट्या."

"अन् चुकलो तर कप इथंच विसळू?"

"तर काय, मी विसळू?"

तू हसलास. मग खोकलास. मग म्हणालास, "भाऊजी, ते चौथ्या न्यूट्रिनोचं. तुमी म्हणले होते, चूक नाई एवढंच हाय. बरोबर बोलले होते तुमी." मी म्हणालो, "मला माहीत आहे." दुसरं काहीतरी म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

रविवार यायच्या आधी तू गेलास. तुझ्या सामानाच्या पिशवीत टॉवेल, पेला आणि पाटी आली. पाटी पालथी होती, वर सुतळीनं बांधलेली, खडू पुसला जाऊ नये म्हणून. सुतळी तू बांधलीस की नर्सनं, ते कळलं नाही. तुझ्या ताईनं ती तशीच फडताळावर ठेवली. माझीही पाटी तयार होती. मी तिला हात लावला नाही; माझी मी उलटायची नसते, आणि तुझी उलटायची तर दोन्ही एकाच वेळी.

काल सकाळी मी पर्जन्यमापक पाहून घरी आलो. ओसरीवर दोन चहा ठेवले होते आणि दोन पाट्या, दोन्ही पालथ्या. तुझी ताई समोर बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती थेट माझ्याशी बोलली.

"तो चुकला होता म्हणले न तुमी सगळ्या लोकांत? मग पाहा. बरोबर निघालं तर त्याच माईकवर जाऊन सांगायचं. सांगसान?"

"सांगीन."

"माह्या गळ्याची शपथ?"

"शपथ कायले? बरोबर असेल तर बरोबर म्हणेन."

"तुमची मी उलटतो. त्याच्यावतीनं." पुन्हा म्हणाली, "उलटा."

मी सुतळी सोडली. दोघांनी एकदम पाट्या उलटल्या.

तुझं अक्षर वाकडं होतं, ओळी उतारावर गेलेल्या, पण वाचता येत होतं. कोपऱ्यात लिहिलं होतं: दोन्ही सारखे, शून्य. म्हणजे त्या बाईंची परीक्षा तू पास झालास. चिन्ह बरोबर. माझा जीव भांड्यात पडला, हे लिहायला हरकत नाही. मी खालचा आकडा पाहिला. मग माझ्या पाटीवरचा. जुळत नव्हते.

तुझी ताई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी ओळीवर बोट ठेवून वरून वाचायला लागलो. बी-प्राइम, दोघांचे ऐंशी. टी-प्राइम, दोघांचे तीनशे. टॉप. माझ्या पाटीवर पावणेदोनशे. तुझ्या पाटीवर...

"चाळीस," तुझ्या ताईनंच वाचलं. तिनं बोट त्या आकड्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "चाळीस तर हे... तुमी म्हणले होते न, ते निघालं नाई म्हणून?"

"नाही निघालं."

"मग यानं काऊन लिहिलं?"

मला माहीत नाही, मिलिंद. डॉक्टर म्हणाले होते की शेवटी तू मधूनच भलत्या साली जायचास. पण बाकीचं गणित भ्रमातल्या माणसाचं नाही. मी तिच्यासमोर चाळीस धरून सगळं पुन्हा केलं. तुझं उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर येतं. एक ओळ सुटलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुझं बोट आणि डोकं एका ओळीवर होतं, आणि ती ओळ अकरा-बारा वर्षांपूर्वीची होती. चाळीसचा टॉप असेल तर दार उघडं असतं. फेऱ्याची गरजच नसते. तू बंद दाराचं गणित अचूक केलंस आणि दार उघडं ठेवलंस.

"मग?" तुझ्या ताईनं विचारलं. "बरोबर का चूक?"

तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. एक शब्द वेगळा बोललो असतो तर घरात बोलणं पुन्हा सुरू झालं असतं, आणि पाटी पाहून खरंखोटं करणारा दुसरा माणूस गुडीहत्नुरात नाही. मंडलात नाही. आता जिल्ह्यातही नाही.

"चूक," मी म्हणालो. "टॉप चुकीचा धरला. बाकी सगळं बरोबर."

मला वाटलं, ती उठून जाईल आणि आता कायमची गप्प बसेल. मग ती म्हणाली, "चाळीस. काठावर पास." आणि पदर तोंडात कोंबून हसली, की रडली, मी विचारलं नाही. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "चहा निवला तुमचा. प्या."

चहा मी प्यालो. तुझाही प्यालो, फेकण्यापेक्षा. कपबशा तिला दुपारी पाहुण्यांसाठी लागणार होत्या, म्हणून त्या मी विसळल्या. पाळी तुझी होती.

पाट्यांना मात्र मी हात लावणार नाही. धाकट्या मुलीला नवी घेऊन दिली आहे. चुकलेल्यानं पुसायच्या, असं ठरलं आहे.